प्रवासातले फोटो : टिपावे कसे, सजवावे किती?

प्रवासाला निघायचं ठरलं की आपली तयारी आदल्या रात्रीपासून सुरू होते. दशम्या, शेंगदाण्याची चटणी, पाण्याच्या बाटल्या, मुलांचे जादा कपडे, उलटीच्या गोळ्या, सासूबाईंची औषधं, सगळं आपण आठवणीनं भरतो. एकाच गोष्टीची तयारी मात्र कुणी करत नाही, ती म्हणजे फोटोंची! "फोन आहे की हातात," असं म्हणायचं आणि निघायचं. घरी येऊन पाहावं तर तीनचारशे फोटो. त्यांतले पन्नास एकसारखे, तीस हललेले, वीस नुसत्या गाडीच्या काचेचे. आणि जी बाई पहाटे चारला उठून दशम्या करून निघाली, ती एकाही फोटोत नाही. असं होतं की नाही, खरं सांगा!

मी काही फोटोग्राफर नव्हे. घर सांभाळते आणि अर्धा दिवस शाळेत शिकवते, एवढंच. पण कोल्हापुरात राहायचं म्हणजे घाटाच्या उंबरठ्यावरच राहायचं. रविवारी सकाळी निघालं की दोन तासांत सह्याद्रीच्या कड्यावर. गेल्या काही वर्षांत अशा पुष्कळ फेऱ्या झाल्या. त्यात जे हाताला लागलं, ते तुम्हांला सांगावं म्हणून हा लेख. यासाठी महागडा कॅमेरा लागत नाही, घरात असेल तो फोन पुरतो.

ही हौस आपल्या मातीतलीच

कोल्हापूरकरांना चित्रांची हौस नव्यानं शिकवायला नको. खरी कॉर्नरजवळचा कॅमेऱ्याचा स्तंभ आपण येता-जाता पाहतोच. बाबूराव पेंटर मूळचे मेस्त्री. ते आणि त्यांचे नात्यातले भाऊ आनंदराव नाटक कंपन्यांचे पडदे रंगवत. त्यातूनच सिनेमाचं वेड लागलं. आनंदराव १९१६ साली गेले, पण बाबूरावांनी जिद्द सोडली नाही. कोल्हापुरातच सिनेमाचा कॅमेरा तयार केला आणि १९२० साली 'सैरंध्री' पडद्यावर आणला. त्यांच्याही आधी आबालाल रहिमान या चित्रकारानं आपल्या कोल्हापूरच्या परिसराची निसर्गचित्रं रंगवून ठेवली. ज्या रस्त्यांवर आपण आज गाडी थांबवून फोन काढतो, त्या मुलखातला उजेड जाणत्या डोळ्यांनी शंभर वर्षांपूर्वीच पारखून ठेवला आहे.

आणि या कामात बायका नव्हत्या असंही नाही, बरं का! दादासाहेब फाळक्यांनी १९१३ साली 'राजा हरिश्चंद्र' केला, तेव्हा सरस्वतीबाई फाळके कंपनीतल्या सगळ्यांचा स्वयंपाक करत, फिल्मला भोकं पाडत, ती धुण्याची रसायनं कालवत. शिवाय चित्रीकरण चालू असताना उन्हात पांढरी चादर धरून उभ्या राहत. चादर कशाला? तर उन्हाचा उजेड चादरीवर पडून परत नटांच्या चेहऱ्यावर यावा म्हणून. ही युक्ती आजही तितकीच उपयोगी आहे. सहलीला नेलेली पांढरी चादर, नाहीतर पांढरी ओढणी, चेहऱ्याच्या समोर जरा खालच्या अंगाला कुणाला तरी धरायला सांगा. डोळ्यांखालच्या सावल्या कशा पळतात ते पाहा!

उजेडाची वेळ पाळा

फोटो म्हणजे शेवटी उजेडच. दुपारी बाराच्या उन्हात कितीही सुंदर जागा असली तरी चेहरे काळवंडतात आणि आभाळ पांढरं पडतं. सकाळी नऊपर्यंत आणि संध्याकाळी साडेचारनंतरचं तिरपं ऊन सोन्यासारखं असतं. हे कोल्हापूरच्या बाईला वेगळं सांगायला नको. नोव्हेंबरात आणि जानेवारीअखेरीस अंबाबाईच्या देवळातला किरणोत्सव पाहायला आपण गर्दी करतोच ना? मावळतीचं ते ऊन थेट गाभाऱ्यापर्यंत कसं पोचतं आणि मूर्ती कशी उजळते, हे ज्यानं पाहिलं त्याला तिरप्या उजेडाचं मोल कळलं.

यावरून रस्ता कसा निवडायचा तेही कळतं. गगनबावडा आपल्या पश्चिमेला, सुमारे ५५ किलोमीटरवर. बालिंगे, कळे, असळज करत सकाळी निघालात की ऊन पाठीमागून येतं आणि समोरची शेतं, डोंगर सगळे उजळलेले दिसतात. संध्याकाळी परत फिरलात की सूर्य पुन्हा पाठीशीच. जाता-येता दोन्ही वेळेला रस्ता फोटोला चांगला! खिद्रापूरचा कोपेश्वर आहे पूर्वेकडे. तिकडे मात्र सकाळी जाताना ऊन डोळ्यांवर आणि संध्याकाळी येतानाही डोळ्यांवर. म्हणून खिद्रापूरच्या वाटेवर रस्त्याच्या फोटोंचा हट्ट धरू नका, सगळा वेळ देवळाला द्या. तिथल्या स्वर्गमंडपाला वर गोल मोकळं आभाळ आहे. तो पुरता फोटोत मावत नाही म्हणून सगळे मान मोडून घेतात. सोपी युक्ती सांगते. मंडपाच्या मध्यावर खाली रुमाल अंथरा, त्यावर फोन उताणा ठेवा, समोरचा म्हणजे सेल्फीचा कॅमेरा सुरू करा, दहा सेकंदांचा टायमर लावा आणि बाजूला व्हा. खांबांच्या वर्तुळात आभाळाचा गोल अगदी मधोमध येतो.

गगनबावड्याला पोचल्यावर आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवा. घाटाचे कडे कोकणाकडे, म्हणजे पश्चिमेला तोंड करून उभे आहेत. सकाळी ते सावलीत असतात. तेव्हा दूरच्या डोंगररांगांचे फोटो घ्या. कड्यांचे घ्यायचे तर जेवणं उरकून, दुपार कलल्यावर घ्या. गगनगडावर जायचं असेल तर ते मधल्या वेळेत.

ऋतूचंही तसंच. आषाढ-श्रावणात गगनबावड्याला पाऊस असा कोसळतो की जिल्ह्यात दुसरीकडे कुठे नाही. हिरवं रान आणि धुकं त्या दिवसांतच. पण धुक्याचा फोटो फोन उगाच मळकट करून टाकतो. अशा वेळी पडद्यावर बोट टेकवा, शेजारी सूर्याचं छोटं चिन्ह येईल, ते जरासं वर सरकवा. धुकं पांढरं शुभ्र येतं. आणि नुसत्या धुक्याचा फोटो काढू नका. पुढं एखादं झाड, मैलाचा दगड, छत्री घेतलेलं माणूस असं काहीतरी गडद असू द्या. दिवाळीच्या सुमारास हवा स्वच्छ होते, उसाला तुरे यायला लागतात, गुऱ्हाळं पेटतात. काहिलीवरची वाफ आणि चुलवाणातला जाळ हे मागच्या बाजूनं ऊन येत असेल तेव्हा काय सुंदर दिसतात! मात्र काहिलीच्या जवळ मुलांना जाऊ देऊ नका, आणि गुळव्याला विचारल्याशिवाय फोन वर करू नका. त्याच्या हातात उकळता रस असतो, आपल्या हातात नुसता फोन!

गाडीतून काढायचे असतील तर

वाटेत प्रत्येक ठिकाणी थांबायला जमत नाही. यजमान गाडी चालवत असले की "आता कशाला थांबायचं?" हे ठरलेलं. अशा वेळी पुढच्या गोष्टी करून पाहा.

काच खाली करता येत असेल तर करा. नसेल तर फोन काचेच्या अगदी जवळ धरा, पण टेकवू नका. टेकवला की गाडीची थरथर फोटोत उतरते. फिक्या रंगाची साडी किंवा ड्रेस असला की त्याचीच सावली काचेत दिसते, म्हणून पुढच्या सीटवर बसणारीनं गडद कपडे घातलेले बरे. रस्त्याकडेची जवळची झाडं चालत्या गाडीतून पुसट येणारच. दूरचे डोंगर मात्र स्थिर येतात, तेच टिपा. झूम करण्यापेक्षा साधा फोटो घ्या आणि मग घरी कापा. बहुतेक फोन झूमच्या नावाखाली चित्र नुसतं ताणतात.

एसीच्या गाडीतून एकदम दमट हवेत उतरलं की लेन्सवर वाफ धरते. पाच मिनिटं थांबा, मऊ सुती कापडानं पुसा. हो, लेन्स पुसायची ही सवय तर रोजचीच हवी. स्वयंपाकघरात फोन हाताळणाऱ्या आपल्या बोटांचं तेल लेन्सवर असतंच. निम्मे धूसर फोटो त्यापायीच येतात.

घाटात वळणावर गाडी थांबवायची नाही म्हणजे नाही. जिथे रस्ता रुंद आहे आणि मागून येणाऱ्याला आपण लांबून दिसतो, तिथेच थांबायचं. चालवणाऱ्यानं फोनला हात लावायचा नाही. कठड्यावर चढून, कड्याकडे पाठ करून फोटो काढताना जीव गेल्याच्या बातम्या दर पावसाळ्यात आपण वाचतो. मुलांना आधी निक्षून सांगा, मग गाडीतून उतरवा. पावसाळ्यात करूळ आणि भुईबावडा या दोन्ही घाटांत दरडी पडतात, रस्ता बंद असतो. निघण्याआधी चौकशी करावी. दाजीपूरकडे गेलात आणि गवा दिसला तर गाडीतच बसून राहा, फ्लॅश बंद ठेवा. तो त्याच्या घरात आहे, पाहुणे आपण.

फोटोत कोण आहे, ते मोजा

आता जरा मनातलं बोलते. आमच्या गल्लीत एक आजी वारल्या. सात माणसांचा संसार त्यांनी ओढला. मुलांची लग्नं केली, नातवंडं वाढवली. तेराव्याला हार घालायला फोटो शोधायला लागले तर एकटीचा धड फोटो एकही नाही! लग्नाच्या फोटोंत त्या कडेला, डोक्यावरचा पदर सावरताना. सहलींच्या फोटोंत नाहीतच, कारण त्या पिशव्या राखत बसलेल्या. शेवटी आधार कार्डावरचा फोटो मोठा करून चौकटीत बसवला. मुलगा माझ्याशी बोलताना म्हणाला, "ही आई नव्हे हो, वहिनी. आई हसायची." मला फार लागलं ते.

तेव्हापासून प्रत्येक सहलीत मी एक हिशेब करते. संध्याकाळी घरी येण्याआधी, वाटेत चहाला थांबलो की फोटो चाळते आणि मोजते : घरातलं प्रत्येक माणूस कितीदा आलं? जे आलं नसेल त्याचा तिथेच घेते. बहुतेक वेळा ती घरातली बाईच असते, किंवा म्हातारं माणूस. तुम्हीही मोजा. आणि स्वतःचा फोटो काढायला सांगताना लाजू नका. मुलांच्या हातात फोन द्या. दहा-बारा वर्षांची मुलं आपल्यापेक्षा बरे फोटो काढतात. उभं राहून ओळीनं काढलेले एक-दोन पुरेत. बाकीचे कामात असताना काढा : दशमी सोडताना, नातवाचे ओले मोजे पिळताना, सासूबाई दरीकडे बघत हात जोडताना. पुढे हेच फोटो बोलतात.

होमाई व्यारावाला या आपल्या देशातल्या पहिल्या स्त्री वृत्तछायाचित्रकार. सुरुवातीला त्यांनी काढलेले फोटो त्यांच्या पतीच्या नावावर छापले जात. पुढे त्यांच्याच कॅमेऱ्यानं स्वातंत्र्याच्या काळातला देश टिपला आणि २०११ साली त्यांना पद्मविभूषण मिळालं. आपण कुठे तेवढ्या मोठ्या? पण घरातले फोटो काढणारीचं नाव कुठेतरी असावं, एवढं त्यातून शिकण्यासारखं आहे. अल्बमच्या पहिल्या पानावर "फोटो : आई" असं लिहायला काय हरकत आहे?

दुसऱ्यांचे फोटो काढताना मात्र विचारायलाच हवं. आषाढात गगनबावड्याच्या वाटेवर गुडघाभर चिखलात रोपं लावणाऱ्या बायका दिसतात. लांबून दृश्य मोठं देखणं. पण त्यांची साडी वर खोचलेली, अंग भिजलेलं. आपला असा फोटो अनोळखी माणसानं काढून चार गावांत पाठवलेला आपल्याला चालेल का? बांधावर उतरावं, दोन शब्द बोलावं, "काढू का फोटो?" म्हणून विचारावं. नाही म्हणाल्या तर हसून परत फिरावं. हो म्हणाल्या तर काढलेला फोटो त्यांना दाखवावा. पुन्हा त्या वाटेनं जाणार असाल तर छापून नेऊन द्या. त्या घरात तो वर्षानुवर्षं भिंतीवर राहतो.

सजावट मिठाएवढी

आता घरी आल्यावरचं काम. फोटो सजवणं काही फोनबरोबर आलेलं नाही. जुन्या स्टुडिओतून मागे रंगवलेला पडदा असायचा, त्यावर कमानी नाहीतर बाग. काचेवर पेन्सिल चालवून सुरकुत्या पुसायच्या. काळ्यापांढऱ्या फोटोत ब्रशानं साडीला हिरवा, ओठांना गुलाबी रंग भरायचा. आपल्या आजीच्या लग्नाचा असा एखादा फोटो माळ्यावर सापडेलही. तेच काम आता बोटाच्या टोकानं होतं, इतकंच.

स्नॅपसीड नावाचं फुकट अ‍ॅप आहे, ते मला सोपं वाटतं. तुमच्या फोनमधल्या फोटोंच्या अ‍ॅपातही बहुतेक सोयी असतात. काम या क्रमानं करा :

१. आधी मूळ फोटो जसाच्या तसा राखून ठेवा. सगळी कारागिरी प्रतीवर.

२. क्षितिज सरळ करा. तलावाचं पाणी एका बाजूला सांडतंय असं दिसलं की चांगला फोटोही खुळा वाटतो.

३. कडेचं नको ते कापा. फोटोचे आडवे तीन आणि उभे तीन भाग कल्पा. माणूस अगदी मधोमध ठेवण्यापेक्षा एका उभ्या रेघेवर आणा, आभाळ एक भाग आणि जमीन दोन भाग, किंवा उलट.

४. सावल्या थोड्या उघडा, झगझगीत भाग थोडा खाली आणा. पावसाळी आभाळातले ढग यानंच दिसू लागतात.

५. रंग सर्वांत शेवटी, आणि तेही चिमटीनं. हिरवा रंग ताणला की रान प्लास्टिकचं दिसतं. उसाचा हिरवा आणि भाताचा हिरवा वेगळा ओळखू आला पाहिजे, ही माझी कसोटी.

आमटीत मीठ असतं तसं हे काम आहे. आमटी चाखून कुणी म्हणू नये की मीठ छान आहे. त्यांनी म्हणावं, आमटी छान आहे.

मग हौस करायचीच नाही का? करायची की! पन्हाळ्याचा तीन दरवाजा काळ्यापांढऱ्यात करून पाहा, दगडावरचं कोरीव काम कसं उठून दिसतं. मराठ्यांचे बारा किल्ले २०२५ साली जागतिक वारशाच्या यादीत गेले, त्यांत पन्हाळाही आहे, तेव्हा असा एखादा फोटो चौकटीत लावायला निमित्तही आहे. जोतिबाच्या गुलालात न्हालेला चेहरा असेल तर बाकीचं चित्र फिकं करून गुलाबी तेवढा ठेवा. स्नॅपसीडमध्ये दोन फोटो एकमेकांवर ठेवण्याची सोय आहे. मी सासूबाईंच्या चेहऱ्याच्या आकारावर त्यांच्या माहेरच्या वाटेचा फोटो असा बसवला. तो पाहून त्या काही बोलल्या नाहीत, पण माझ्या नणंदेला तीनदा पाठवायला लावला! हे सगळे खेळ आहेत आणि पाहणाऱ्यालाही ते खेळ म्हणून कळतात. तिथे कुणाची फसवणूक होत नाही.

फसवणूक कुठे सुरू होते? 'नॅशनल जिऑग्राफिक' हे जगप्रसिद्ध मासिक. फेब्रुवारी १९८२च्या अंकाच्या मुखपृष्ठावर इजिप्तचे पिरॅमिड होते. आडवा फोटो उभ्या पानावर मावेना, म्हणून संगणकावर पिरॅमिड एकमेकांजवळ सरकवले! पुढं ते उघडकीला आलं आणि केवढी चर्चा झाली. चार हजार वर्षं जे जागचे हलले नाहीत, ते छपाईच्या सोयीसाठी हलले. वाचकाचा विश्वासही हलला. आपलं घर म्हणजे काही मासिक नव्हे, पण अल्बम पुढच्या पिढीला खराच वाटणार असतो. म्हणून मी एक साधा नियम केला आहे. विजेची तार, प्लास्टिकची पिशवी, कडेला आलेलं स्वतःचं बोट पुसायला हरकत नाही. पण माणूस पुसायचं नाही. भांडण झालेली जाऊ, लग्न मोडून गेलेली वहिनी, ज्या दिवशी ती आपल्याबरोबर दशमी खात बसली होती त्या दिवसाच्या फोटोत तिची जागा आहे. फोटो नको असेल तर दाखवू नका, पण त्यातून तिला खोडू नका. आज पुसायला क्षणभर लागतो, म्हणून तर हे सांगायला हवं.

"बाई, मी काळी दिसते"

सगळ्यांत महत्त्वाचं आता. आमच्या शाळेची सहल पन्हाळ्याला गेली होती. परत आल्यावर वर्गात फोटो दाखवत होते, तर सातवीतली एक मुलगी जवळ येऊन हळूच म्हणाली, "बाई, ग्रुपवर टाकायच्या आधी फिल्टर लावा ना. मी काळी दिसते."

बारा वर्षांची पोर! कुठून आलं तिच्या मनात हे? काही आपल्याकडून आलं, "उन्हात नको जाऊ, काळी पडशील" म्हणणाऱ्या आपल्या तोंडातून. आणि काही फोनमधून. बऱ्याच फोनच्या सेल्फीच्या कॅमेऱ्यात चेहरा गोरा आणि गुळगुळीत करणारी सोय आपण न मागताच चालू असते. रोज आरशात एक चेहरा आणि फोनमध्ये दुसरा, असं बघून बघून पोरींना आरसाच खोटा वाटायला लागतो.

फोटोच्या धंद्यात हे फार जुनं दुखणं आहे. रंगीत फिल्मचे दिवस होते, तेव्हा रंग जुळवण्यासाठी कोडॅक कंपनी छपाईच्या लॅबना एका गोऱ्या बाईचा नमुन्याचा फोटो देत असे. त्याला शर्ली कार्ड म्हणत. तिची कातडी बरोबर उतरली की यंत्र बरोबर, असा हिशेब! सावळ्या माणसांचे चेहरे त्या हिशेबात कुठेच नव्हते.

मी त्या मुलीचा तो फोटो नीट पाहिला. ती कमानीच्या सावलीत उभी आणि मागे लख्ख आभाळ. फोनने आभाळ सांभाळलं आणि चेहरा अंधारात टाकला. तिचा रंग नव्हे, उजेड चुकला होता. मधल्या सुट्टीत तिला अंगणात नेलं, चुन्यानं रंगवलेल्या भिंतीसमोर उभं केलं. भिंतीवरचं ऊन तिच्या चेहऱ्यावर येत होतं. पडद्यावर तिच्या गालावर बोट टेकवलं आणि फोटो काढला, कुठलाही फिल्टर न लावता. सावळा, तुकतुकीत चेहरा, डोळ्यांत उजेड. तिनं तो बराच वेळ पाहिला. मग म्हणाली, "हाच टाका, बाई."

तेव्हा मैत्रिणींनो, आज एक काम कराच. घरातला प्रत्येक फोन घ्या, कॅमेरा उघडा, सेल्फीच्या बाजूला ब्यूटी नाहीतर तसल्या नावाची जी पट्टी असेल ती शून्यावर आणा. मुलीचा फोटो काढताना तिच्या चेहऱ्यावर बोट टेकवा, तिला उजेडाकडे तोंड करून उभी करा. आणि तिच्यादेखत तिचा फोटो गोरा करू नका. आपण तिला न बोलता काय सांगतो, ते ती नेमकं ऐकते.

जपणूक

एके काळी रोलमध्ये ३६ फोटो यायचे. विचार करून एकेक काढायचा आणि सगळे जपायचे. आज शेकडो निघतात आणि फोन बिघडला की एकही राहत नाही. म्हणून रोलचाच हिशेब पुन्हा धरा. सहलीनंतर आठवड्याच्या आत ३६ फोटो निवडा, ते दोन ठिकाणी ठेवा, एक संगणकावर नाहीतर पेनड्राइव्हवर, दुसरं इंटरनेटवरच्या खात्यात. व्हॉट्सअ‍ॅपवरून साधा पाठवलेला फोटो बारीक होऊन पोचतो. छापायचा असेल तर डॉक्युमेंट म्हणून पाठवा. त्यांतले दहा-बारा तरी कागदावर छापून घ्या. मागे मऊ पेन्सिलीनं तारीख, जागा आणि सगळ्यांची पूर्ण नावं लिहा. "मामी" एवढंच लिहिलं तर तीस वर्षांनी कुणाची मामी, हे कोण सांगणार?

मुलांना कामाला लावायचं असेल तर मोठ्या कागदावर रस्त्याचा नकाशा काढायला सांगा : कोल्हापूर, कळे, असळज, गगनबावडा. ज्या ठिकाणचा फोटो त्या ठिकाणी चिकटवायचा, शेजारी काय खाल्लं, काय पाहिलं ते त्यांच्याच अक्षरात. भूगोलाचा अभ्यासही होतो.

आणि एक सावधगिरी. घराला कुलूप असताना "आम्ही निघालो गगनबावड्याला" असे फोटो गावभर पाठवू नका. चोरालाही फोन वापरता येतो! घरी आल्यावर सावकाश पाठवा. दुसऱ्यांच्या मुलांचे फोटो त्यांच्या आईला विचारूनच.

येत्या सुटीत कुठे निघालात तर दशम्यांच्या डब्याबरोबर एक पांढरी ओढणी आणि लेन्स पुसायला मऊ सुती फडकं पिशवीत टाका. वाटेत फोन मुलांच्या हाती द्या आणि सासूबाईंच्या शेजारी तुम्ही स्वतःही उभ्या राहा. केस विस्कटलेले असले तरी चालतील, घाटावर वारा असतोच.